काडी अक्षराची लगीनसराई

त्या लगीनसराईत पेणच्या छापखान्यात कोण कोण व्हतं ते आधी सांगते. नाना, छापखान्याचे मालक, दाराशी टेबल टाकून बसायचे. दत्तोबा, खिळे, म्हंजे शिशाची अक्षरं, जुळवणारे. पत्रिका म्हणा, पावत्या म्हणा, अक्षर न् अक्षर त्यांच्या हातानं उभं राहायचं. हसनभाई मशीनवर. मी, सुभद्रा, छापून झालं की खिळे धुवायचे आन ज्याच्या त्याच्या खणात परत सोडायचे, हे माझं काम. आन वंदू. वंदू कामाला नव्हती. माझ्या भावाची पोर, माझ्याकडं वाढलेली. दुपारी माझा डबा घेऊन यायची आन दत्तोबांच्या शेजारी स्टुलावर बसून पाय हलवत राहायची. लगीन तिचंच व्हतं.

आम्ही एवढीच. बाहेरचं कुणी नव्हतं, हे ध्यानात ठेवा.

आता परत तेच दिवस आलेत. चैत्र सरला, गच्चीवर पोह्याचे पापड वाळतायत, कातकरणी पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन दारावर यायला लागल्यात. रस्त्यानं वरात गेली की आमच्या खिडकीची काच हादरते. तवा पत्रिका घेऊन माणूस घरी यायचा, उंबऱ्याशी बसायचा, गूळपाणी घ्यायचा. आता पत्रिका फोनात येते. शेजारची सून बोलते, "आजी, बघा हो, लग्न आहे त्यांच्याकडं," आन फोन माझ्या डोळ्यांपुढं धरते. मोतीबिंदू काढलाय माझा, दिसतं मला. पण मी नवरा-नवरी बघत नाय. मी अक्षर बघते. सवय गेली नाय.

छापखान्यात अक्षरांच्या जाती असतात. आमच्याकडं एक व्हती ठोकळा. जाड, काळी, कमरेवर हात ठेवून उभी असल्यासारखी. वर-वधूची नावं ठोकळ्यात, निवडणुकीचं पत्रक ठोकळ्यात, 'येथे थुंकू नये' ते पण ठोकळ्यात. दुसरी साधी, शाळेच्या पुस्तकात असते तशी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आन तिसरी काडी. तिचं खरं नाव कायतरी वेगळं व्हतं, पण दत्तोबा काडी बोलायचे म्हणून सगळेच काडी बोलायला लागले.

काडी अंगानं हलकी. खांदे आत घेतलेली. गाडीत बाकावर चौथी बाई बसते ना, अंग चोरून, तशी. उभी रेघ केसाएवढी, वळणावर मात्र जरा भरायची, बोरूनं लिवताना शाई थांबते तशी. आन रेघ संपते तिथं बारीकशी तिरकी चोच. त्या चोचीमुळं ती किडकिडीत असून दुबळी दिसायची नाय. पदर नीट खोचलेल्या बारीक बाईसारखी दिसायची. इंग्रजीतबी एक पेटी तसलीच व्हती, रोह्याच्या कंपन्यांच्या नोटिसांसाठी. ती मला वाचता यायची नाय, पण तिच्या पायात बारीक बारीक चपला व्हत्या, तेवढ्यावरनं मी ओळखायची.

काडीला घाई चालायची नाय. शाई जास्त झाली की 'ष'चं पोट बुजायचं, 'भ'ची गाठ भरायची. मशीनचा दाब वाढला की कागदाला भोकं, कमी झाला की अक्षर दिसतच नाय. हसनभाई कागदाच्या मागं पातळ चिटोऱ्या चिकटवत बसायचा, इथं जरा, तिथं जरा. वैतागून बोलायचा, "ही काडी म्हणजे माहेरवाशीण हाय. दाबलं की रडते, सोडलं की तोंड दाखवत नाय." धुतानाबी ठोकळ्याला रॉकेलच्या बोळ्यानं खसाखसा घासलं तरी चालायचं. काडीला मी दाताचा जुना ब्रश ठेवला व्हता.

तरी काडीशिवाय आमचं चालत नव्हतं. औषधाच्या पुड्यांवर काडी, पावतीच्या मागचे नियम काडीत, एका मास्तरांच्या कवितांचं पुस्तक आलं तवा तेबी दत्तोबांनी काडीत जुळवलं. मास्तर खूष. बोलले, कवितेभोवती मोकळं राहिलं पायजे. पण तिचा खरा उपयोग लगीनसराईत. आपल्याकडची पत्रिका तुम्हाला म्हायत हाय. काका, काकू, मामा, मावशी, चुलत, मावस, वाडीतले, भावकीतले. एक नाव राहिलं तर तो माणूस मांडवात येत नाय. आला तर जेवत नाय. जेवला तर पुढं वर्षभर बोलत नाय. गिऱ्हाईक नावं सांगायला लागलं की नाना डोक्याला हात लावायचे. "अहो, पत्रिका छापायचीय का मतदारयादी?" मग आतनं दत्तोबांचा आवाज यायचा, "येऊ द्या, येऊ द्या. काडी हाय ना. बसवतो."

आन बसवायचे. ठोकळ्यात जिथं एक माणूस उभा राहील तिथं काडीत तिघं उभी राहायची, आन गर्दी दिसायची नाय. आमच्या छापखान्यात 'जागा नाय' असं मी कुणाच्या तोंडून ऐकलंच नाय. काडी त्याच्यासाठीच तर व्हती.

मी शाळा दुसरीतनं सोडली. बापाबरोबर मिठागरावर जायची. पायांना मिठाच्या चिरा पडायच्या, त्यात परत मीठ. लगीन झालं, आन दुसऱ्या पावसाळ्यात नवरा तापानं गेला. सासरी ठेवून घेतलं नाय. पेणला धुण्याभांड्याला आले, नानांच्या बायकोनं छापखान्यात झाडायला लावलं. झाडताना खाली पडलेले खिळे मी वेचून ठेवायची. एकदा दत्तोबांनी लाकडी पेटी पुढ्यात ओढली. आत खणच खण, प्रत्येकात वेगळं अक्षर. मी बघत राहिले. बांधावर उभं राहून मिठागर बघावं तसे चौकोन. दत्तोबा बोलले, "काय बघतेस?" मी बोलले, "आगर." ते हसले. बोलले, "मग राख आता."

खिळ्यावर अक्षर उलटं असतं. मी वाचायला शिकले ती उलट्या अक्षरांवर. सुलटं वाचायला मला आजबी जरा येळ लागतो.

जना माझा धाकटा भाऊ. त्याची बायको पयल्या बाळंतपणात गेली. कासूला उतरून खाडीकडं चालत गेलं की त्याचं घर. पोर त्यानं टॉवेलात गुंडाळून माझ्याकडं आणली. "सुभे, तू सांभाळ. मी आगरावर जाऊ का हिला घेऊन बसू?" पुढं त्यानं दुसरी केली, तिची पोरं झाली, वंदू माझ्याकडंच राहिली. छापखान्यामागच्या खोलीत आम्ही दोघी. हमरापूरच्या मूर्तीवाल्यांकडनं मी शाडूचा एक गोळा मागून आणायची. ओल्या गोळ्यावर खिळा दाबला की अक्षर सुलटं उमटतं. तशी वंदू अक्षरं शिकली. 'वं'. मग 'द'. मग 'ना'. पाटीवर नाय, मातीवर. आपलं नाव जमलं तशी बोलली, "आता तुझं कर." माझं जोडाक्षराचं. 'द्र' दाबताना तिची जीभ बाहेर यायची.

तर त्या लगीनसराईत तिचं ठरलं. रोह्याचा मुलगा, कंपनीत कामाला. रोज दुपारी डबा घेऊन आली की दत्तोबांचं डोकं खायची. कुठला रंग, कुठला गणपती, कुठं कुठलं अक्षर. एक दिवस स्टुलावर बसल्या बसल्या बोलली, "दत्तोबाकाका, आत्याचं नाव बाबांच्या नावाला लागून पायजे."

माझ्या हातातला खिळा खाली पडला. "गप गो. तसं नसतं."

"का नसतं?"

मी काय सांगणार? पांढऱ्या कपाळाच्या बाईचं नाव लगनाच्या पत्रिकेवर नसतं, हे मला कुणी शिकवायला नको व्हतं. मी इतक्या पत्रिका सोडल्या व्हत्या, इतक्या घरांच्या, माझ्यासारखीचं नाव एकीतबी बोटाला लागलं नव्हतं.

"नसलं तर मग मी उभीच राहत नाय अंतरपाटाला," वंदू बोलली.

हसनभाई मशीनवरनं वरडला, "घाला हो दत्तोबा, नायतर नवरदेव रोह्याला उभा राहून राहून वाळल!"

जना मजकूर द्यायला आला तवा त्याच्याबी कानावर घातलं. तो बोलला, "पोरीची इच्छा हाय तर घाल. तूच वाढवलीस."

मी मागितलं नव्हतं. एवढं सांगून ठेवते.

दत्तोबांनी जुळवायची पट्टी माझ्या हातात दिली. "ही ओळ तुझी तू जुळव." जनाचं नाव साध्यात. त्याच्या बायकोचं काडीत. मग माझं, काडीतच. श्रीमती सुभद्रा, मुलीची आत्या. एकेक खिळा चिमट्यानं उचलून ठेवला. 'द्र'ची चोच शाबूत हाय का ते बघितलं. एकाची मोडकी व्हती म्हणून दुसरा घेतला. लोकांची नावं मी जलमभर हाताळली, माझं मी पयल्यांदा धरलं. वजनाला कायच नव्हतं. दत्तोबांनी सगळा मजकूर सुतळीनं बांधून ठेवला. जाता येता मी त्याच्याकडं बघायची, आंबाड्यात फूल खोचलंय आन ते जागेवर हाय का बघावं तसं.

छपाई झाली त्या दिवशी मी बाजारात गेले व्हते, वंदूच्या चोळ्या शिवायला टाकायच्या व्हत्या. परत येईपर्यंत मशीन थांबलेलं. मी पदराला हात पुसत बोलले, "बघू, बघू." नाना बोलले, "जना गठ्ठा घेऊन गेलासुद्धा. त्याची कासूची गाडी व्हती." मी बोलले, बरं. उद्या खिळे सोडताना बघन. उलटं तर उलटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मजकूर धुतला. ब्रशानं हळू हळू. ठोकळा आधी सोडला, वंदूचं नाव, नवरदेवाचं नाव, टपाटपा खणात. मग खालच्या ओळी. जनाचं नाव सोडलं. त्याच्या बायकोचं सोडलं. आन पुढं बोट गेलं ते गुळगुळीत लागलं.

कोरे खिळे. कोरा खिळा म्हणजे ज्याच्या डोक्यावर अक्षर नसतं. तो छापत नाय. बाकीची अक्षरं पडू नयेत म्हणून तो नुसती जागा धरून उभा राहतो. माझ्या नावाच्या लांबीएवढे कोरे खिळे तिथं बसवले व्हते, नीट, घट्ट. दत्तोबांचं काम कधी सैल नसायचं.

"दत्तोबा," मी बोलले, "हे काय?"

त्यांनी मान वर केली नाय. "गिऱ्हाईकानं सांगितलं."

"जना बोलला?"

"जना नुसता गठ्ठा न्यायला आला."

"मग कुणी सांगितलं?"

दत्तोबा बराच येळ पट्टीवर खिळे लावत राहिले. मग बोलले, "दुपारचा डबा घेऊन कोण येतं?"

हसनभाईनं मशीनला तेल घालायला घेतलं. सकाळीच घातलं व्हतं.

"रडत व्हती गो ती," दत्तोबा बोलले. "रोह्यासनं निरोप आला म्हणाली. सासूबाईंना पत्रिकेवर तसलं नाव नको. बोलली, काढा, आन आत्याला सांगू नका. मी बोललो, अगो, जागा उघडी दिसल. तर बोलली, कुणाला कळतंय."

"मला का नाय सांगितलंत?"

"तुला कसं सांगणार?"

"मीच काढलं असतं," मी बोलले. "चिमटा माझ्याच कमरेला असतो."

मी पेटीकडं वळले. काढलेली अक्षरं त्यांनी कालच खणांत टाकून दिली व्हती, 'सु' 'सु'मध्ये, 'द्र' 'द्र'मध्ये. सगळ्या गावाची नावं सोडायचं काम माझं. माझं तेवढं माझ्यासाठी ठेवलं नव्हतं.

लगनाला काही दिवस व्हते. मी वाट पायली. मला वाटलं सांगल. भाकरी थापताना सांगल, केस विंचरून घेताना सांगल. सकाळी पाणी भरताना आम्ही दोघीच असायचो, तवा मी उगीच हंडा सावकाश भरायची. एका संध्याकाळी माझ्या पायाशी बसली. बोलली, "आत्या, पाय दाबू?" मी बोलले, दाब. तिनं दाबले. लई येळ दाबले. तोंड उघडलं नाय. मीबी उघडलं नाय. मी विचारलं असतं तर तिला खोटं बोलावं लागलं असतं, आन मी तिला तेवढं शिकवलं नव्हतं. मला तवा असं वाटायचं.

पापड लाटताना आजबी मला ते हात आठवतात. पापड उजेडात धरून बघायचा असतो, सगळीकडं सारखा पातळ हाय का. कुठं जाड राहिला की तिथं तळताना कच्चा राहतो. माणसाचं तसं उजेडात धरून बघता येत नाय.

लगीन रोह्याला. हळदीसाठी वंदूला जनानं आधीच घरी नेलं व्हतं. मी पेणला गाडीत चढले, कासूला जनाचं वऱ्हाड चढलं. ट्रंका, पाट, केळीचा घड, आन मधी हळदीनं पिवळी झालेली वंदू. तिला खिडकी दिली. मी समोर. बाजूला आमची ठमाकाकी, भावकीतली म्हातारी, तोंडात दात नाय आन जिभेला हाडबी नाय. गाडी सुटली तशी काकीनं पिशवीतनं पत्रिका काढली.

"सुभे, मला काय वाचता येत नाय. सूनबाईकडनं वाचून घेतली. माझं नाव हाय, आमच्या म्हाताऱ्याचं हाय. तुझंच नाय गो?"

जना पलीकडनं बोलला, "जागा नव्हती गो काकी. नावं काय थोडी झाली?"

काकीनं पत्रिका डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आन बोट ठेवलं. बरोबर तिथंच ठेवलं. जनाच्या बायकोच्या नावापुढं मोकळी जागा, पडलेल्या दाताएवढी.

"मग हितं काय सोडलंय? बैल बांधायला?"

सगळा डबा हसला. जनानं इकडं तिकडं बघितलं. त्याला म्हायत व्हतं का नव्हतं, ते मला अजून कळलं नाय. बोलला, "ती छापखान्याची चूक असल. आपली सुभीच हाय की तिथं. इचार तिलाच."

"आपलंच नाव गिळलंस व्हय गो सुभे?" कुणीतरी मागनं बोललं.

मी वंदूकडं बघितलं. तिला एक शब्द बोलायचा व्हता. मोठ्यानंबी नाय. नुसतं माझ्याकडं बघितलं असतं तरी मी समजले असते. ती खिडकीतनं बाहेर बघत व्हती. बाहेर मिठाचे ढीग पांढरेशुभ्र, ऊन त्यांच्यावर पडून डोळ्यात येत व्हतं. बघवत नाय तिकडं त्या येळेला, पण ती बघत व्हती. बांगड्या वर सारायची, खाली आणायची. नागोठणं येईपर्यंत मी थांबले.

मग मी बोलले, "व्हय काकी. खिळे निखळले असतील. लई नाजूक असते ती काडी."

"एवढी वर्षं काम करतेस, आन आपलंच नाव नीट बांधता येईना तुला!" काकी बोलली. सगळे परत हसले. मीबी हसले.

काडीवर आळ घातला मी. काडी तशी नव्हती. तिची चोच मोडायची, मात्रा उडायची, पण जिथं उभी केली तिथनं ती आपणहून कवाच गेली नाय.

रोह्यात मांडव मोठा व्हता. कुंडलिका नदीकडनं गरम वारा येत व्हता, पत्रिका माणसांच्या हातात पंख्यासारख्या हलत व्हत्या. सगळ्यांच्या हातात ती मोकळी जागा वरखाली हलत व्हती. मी मागच्या खांबाशी उभी राहून अक्षता टाकल्या. लांब पडत्यात का बघितलं. नाय पोचल्या.

वंदू वाईट नाय, हे सांगते. सणाला आली, आजारात आली. मोतीबिंदूच्या येळेला दवाखान्यात माझ्या उशाशी तीच व्हती. नवऱ्याची शिफ्ट, सासूचं दुखणं, पोरीची शाळा, सगळं सांगते मला. तेवढं एक सांगितलं नाय. पयली काही वर्षं वाटायचं, पोर झाली की सांगल. मग वाटलं, सासू गेली की सांगल. सासू गेली. तिनं मला पत्रिकेवरनं काढलं त्याचा राग मी धरला नाय. ती रीत तिची नव्हती, माझीबी नव्हती. पण मला गाडीत एकटी सोडली, ते तिचं व्हतं.

छापखाना बंद झाला. नानांच्या मुलांनी खिळे भंगारात दिले. शिसं म्हणून गोण्या भरल्या, ठोकळा, साधी, काडी, सगळं एकात एक. जलमभर मी जे वेगळं वेगळं करत आले ते असं एकत्र ओतलं. काडीची पेटी ओतली तवा आवाजबी बारीक झाला, तांदूळ पाखडल्यासारखा. लोकांनी विचारलं, एखादा खिळा आठवण म्हणून ठेवला नाय का? नाय ठेवला. काय करायचा? दत्तोबा गेले, हसनभाई गेला. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

परवा वंदू आली, पोरीला घेऊन. श्रुतिका तिचं नाव, पुण्याला नोकरी करते, आता लगीन हाय. गच्चीवर मी पापड उलथत व्हते तिथंच दोघी बसल्या. वंदू बोलली, "आत्या, रुखवताला तुझेच पापड पायजेत हां. बाहेरचे नको."

"करीन की," मी बोलले.

श्रुतिकानं फोन काढला. "आजी, पत्रिका बघ ना. मीच करून घेतली. सांग कशी झालीय?"

मी पदरानं हात पुसले आन फोन धरला. आन बघतच राहिले. सगळी पत्रिका काडीत. हुबेहूब ती नाय, पण तीच जात. केसाएवढी रेघ, वळणावर भरलेली, टोकाला तिरकी चोच, खांदे आत. मधोमध श्रुतिकाचं नाव, त्याच्या खाली मुलाचं. खाली तारीख, ठिकाण. आन बाकी सगळं रिकामं. वर रिकामं, खाली रिकामं. पाणी सोडायच्या आधीचं आगर असतं तसं.

"ह्या अक्षराला काय बोलतात?"

"असेल काहीतरी नाव. फॉन्ट आहे गं आजी. नाजूक आहे ना?"

"आन इतकी मोकळी जागा कशाला?"

"तीच तर स्टाईल आहे! गर्दी नको असते आता."

काडीला एवढी जागा मिळालेली मी पयल्यांदा बघितली. गर्दीत माणसं बसवायला आणलेली ती, आन आता एकटीच ऐसपैस बसलीय. मी बोट फिरवलं. काचेवर कायच लागत नाय, सगळंच गुळगुळीत. सगळेच कोरे खिळे.

वंदू बोलली, "आता नावं घालतच नाय गो आत्या कुणाची. कुणाचा रुसवा नको, फुगवा नको."

"खरंय," मी बोलले.

श्रुतिका हसली. "आई, तुझ्या पत्रिकेत केवढी नावं होती! मी कपाटात पाहिलीय. आणि मधेच एक जागा मोकळी. तिथे काय होतं गं?"

वंदूनं पापड उचलला. वाळला नव्हता अजून. "छापखान्याची चूक व्हती ती," ती बोलली.

तिला वाटलं असल म्हातारीला ऐकू येत नाय. का वाटलं असल, ही आपणच हसल आन घेल अंगावर, गाडीत घेतलं तसं. किती वर्षं मी बोलत आले, बिचारी पोर, घाबरली व्हती, सासरचा धाक व्हता. आता कुणाचा धाक व्हता? गच्चीवर आम्ही तिघीच. आन ऊन.

श्रुतिका माझ्याकडं वळली. "आजी, तू तिथेच कामाला होतीस ना? अशी कशी चूक झाली?"

मी फोन तिच्या हातात दिला. बोलले, "नाय गो बाय. छापखान्याची चूक नव्हती. सगळी अक्षरं जागेवर व्हती."

"मग?"

वंदूच्या हातातला ओला पापड मधोमध फाटला. तिनं दोन्ही तुकडे तसेच धरून ठेवले. श्रुतिका एकदा आईकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली. पुढचं बोलायचं काम माझं नव्हतं. मी थांबले, नागोठणं येईपर्यंत थांबले व्हते तशी. खालनं एक टेम्पो गेला. कावळा पापडांवर उतरायला बघत व्हता, त्याला मी हाकललं.

मग मीच बोलले, "पापड तिखट करू का साधे?"

"थोडे थोडे दोन्ही," वंदू बोलली.

जाताना जिन्यात थांबली. पाठमोरीच. "आत्या, येशील ना?"

"येन," मी बोलले. जाणार हाय मी. पापडबी करणार हाय, पातळ, उजेडात बघून. त्यात काय कमी करणार नाय.

आता हे कुणी वाचत असाल तर तुमच्याकडं एवढंच मागणं हाय. तुमच्या घरी कार्य निघालं, आन एखाद्याचं नाव तुम्हाला नको असलं, तर त्याच्या तोंडावर सांगा, तुझं नाव नको. तो ऐकून घेल. माणसं लई ऐकून घेतात. पण जागा नव्हती, असं त्याला सांगू नका.